इजिप्शियन दागिना वाचायचा कसा: पाटीपासून पाठीपर्यंत

माझे आजोबा सोनारकाम करत. कुणी दागिना दाखवायला आणला की ते तो आधी उलटा करायचे. पुढून सगळेच दागिने चांगले दिसतात, हे त्यांचं म्हणणं. ही सवय मला कुठे उपयोगी पडली असेल, तर प्राचीन इजिप्तच्या दागिन्यांसमोर उभं राहताना.

संग्रहालयात बहुतेक लोक या कपाटांसमोर दहा सेकंद थांबतात, "काय बारीक काम आहे!" म्हणतात आणि ममीकडे वळतात. काम बारीक आहेच. पण इजिप्तमध्ये चित्र आणि अक्षर वेगळं नव्हतं. त्यामुळे तिथला चांगला दागिना हे बऱ्याचदा एक सरळ वाक्य असतं. कर्ता, कर्म, क्रियापद सगळं त्यात सापडतं. ते कसं लावायचं याच्या पायऱ्या पुढे देतो. कैरो, लंडन, न्यूयॉर्क, तुरीन कुठेही जा, नाहीतर घरी बसून संग्रहालयाच्या संकेतस्थळावरचा फोटो मोठा करून पाहा, क्रम हाच ठेवा.

पायरी १: पाटी पूर्ण वाचा

पाटीवर तीन गोष्टी शोधायच्या: काळ, सापडल्याची जागा आणि साहित्य. काळाचा ढोबळ आराखडा डोक्यात असू द्या. जुनं राज्य इ.स.पू. २७०० ते २२०० च्या आसपास, मधलं राज्य साधारण २०५० ते १६५०, नवं राज्य १५५० ते १०७०, आणि क्लिओपात्रापाशी इ.स.पू. ३० मध्ये संपणारा टॉलेमी या ग्रीक वंशाच्या राजांचा काळ. दगडावरूनही काळाचा अंदाज येतो. जांभळा अ‍ॅमेथिस्ट भरपूर दिसला तर मधलं राज्य, कारण तेव्हा वादी अल-हुदीच्या खाणी जोरात चालत. रंगीत काच सर्रास दिसली तर नवं राज्य किंवा त्यानंतरचं. पाचू दिसला तर टॉलेमी किंवा रोमन काळ. हिरा, माणिक, नीलम मात्र फॅरोंच्या दागिन्यांत शोधू नका. ते त्यांच्याकडे नव्हते.

साहित्यावरून आणखी एक गोष्ट ठरवा. दागिना जिवंतपणी घातलेला की मृतासाठी मुद्दाम बनवलेला? कडा झिजल्या असतील, मण्यांची भोकं दोऱ्याने घासली असतील, तर तो वापरलेला. पत्रा कागदासारखा पातळ असेल, आत नुसतं प्लास्टर किंवा लाकूड असेल, बांधायला दोरी-फासा काहीच नसेल, तर तो फक्त कबरीसाठी केलेला. दफनाच्या दागिन्याला रोजच्या वापराची ताकद लागत नाही.

पायरी २: रंग वाचा

इथे वेळ द्या, कारण निम्मा अर्थ रंगात असतो. आपण दगडाची किंमत विचारतो, इजिप्शियन सोनार त्याचा रंग विचारायचा. रंग बरोबर असेल तर दगडाऐवजी काच किंवा फायन्स (झिलईचं कृत्रिम द्रव्य, पुढे सांगतो) चालायचं, राजालासुद्धा.

सोन्यापासून सुरुवात करू. सोन्याला इजिप्शियन शब्द नेबू. त्याचं अक्षर म्हणजे खाली मणी लोंबणारा गळ्यातला हार. म्हणजे सोनं लिहायचं तर दागिनाच काढायचा! रा हा सूर्यदेव म्हातारा झाला त्या कथेत त्याचं मांस सोन्याचं, हाडं चांदीची आणि केस लाजवर्द या निळ्या दगडाचे झाल्याचं वर्णन आहे. हे लक्षात ठेवून नव्या राज्यातल्या तुतनखामुन राजाच्या ममीवरचा मुखवटा पाहा. सोन्याचा चेहरा, निळ्या भुवया, डोक्यावरच्या वस्त्राला निळे पट्टे. तो राजाला देव झालेला दाखवतोय. मुखवटा सुमारे १० किलोचा आणि आतली शवपेटी ११० किलो सोन्याची. पण डोक्यावरचे ते निळे पट्टे मात्र काचेचे आहेत. खरा लाजवर्द डोळ्यांभोवती आणि भुवयांना.

सोनं देशातच, पूर्वेच्या वाळवंटात आणि दक्षिणेला नुबियात मिळायचं. चांदी मात्र बाहेरून यायची, म्हणून सुरुवातीच्या शतकांत ती सोन्यापेक्षा दुर्मीळ होती. तानिस इथे फ्रेंच उत्खननकार पिएर मोंते यांना सुसेनेस पहिला या राजाची आख्खी चांदीची शवपेटी मिळाली, पण साल होतं १९४०. युरोपात युद्ध पेटलेलं, त्यामुळे तुतनखामुनच्या वाट्याला आलं त्याच्या पासंगालाही पुरेल एवढं कौतुक या शोधाचं झालं नाही.

निळा म्हणजे लाजवर्द. तो इजिप्तमध्ये सापडत नाही. अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून, हजारो किलोमीटर हातोहात प्रवास करून तो नाईलपर्यंत पोहोचायचा. रात्रीच्या आकाशाचा आणि आदिजलाचा हा रंग. त्याचं नाव खेसबेज. गंमत म्हणजे त्यांच्याकडे "खरा खेसबेज" आणि "बनवलेला खेसबेज" असे दोन्ही शब्द होते, आणि दुसरा म्हणजे निळी काच वगैरे. त्यात फसवणूक नव्हती. नावातच कबुली दिलेली असायची.

निळसर हिरवा पिरोजा सिनाईतून यायचा, सेराबित अल-खादिमच्या खाणींतून. तिथे हाथोर देवीचं देऊळ होतं आणि तिला "पिरोजाची स्वामिनी" म्हणत. हिरव्याचा अर्थ ताजं, कोवळं, पुन्हा उगवणारं. हिरवा फेल्डस्पार त्याच गटातला. लाल म्हणजे कार्नेलियन, म्हणजेच तांबडा अकीक, आणि लाल जास्पर. रक्त, सूर्य, ताकद हे त्याचे अर्थ, पण वाळवंटाचा आणि धोक्याचाही रंग तोच. एकाच रंगात जीव आणि भीती दोन्ही ठेवणारी ही माणसं आहेत, हे विसरायचं नाही. काळा मात्र त्यांच्याकडे अशुभ नव्हता. तो पुराने आणलेल्या सुपीक गाळाचा रंग.

फायन्सची ओळख वेगळी करून घ्या, कारण कपाटात सगळ्यात जास्त तेच असतं. ती मातीची भांडी नव्हेत. कुटलेली गारगोटी किंवा वाळू, थोडा चुना, क्षार आणि तांब्याची संयुगं पाण्यात मळायची आणि साच्यात घालून वाळवायचं. वाळताना क्षार पृष्ठभागावर फुटून येतात. भट्टीत ८०० ते १००० अंशांवर तेच वितळून निळीहिरवी झिलई होते. झिलई वेगळी लावावी लागत नाही, ती आतूनच येते. या वस्तूला ते चेहेनेत म्हणत, म्हणजे झळाळणारं. राजवाड्यातल्या पिरोजासारखा रंग गरीब घरातल्या पोराच्या गळ्यात या युक्तीने आला.

दगड ओळखण्यात तज्ज्ञही चुकतात. तुतनखामुनच्या एका पदकाच्या मधोमध पिवळसर हिरवा भुंगा आहे. त्याची कबर शोधणाऱ्या हॉवर्ड कार्टर यांनी तो कॅल्सिडोनी या दगडाचा समजला. १९९० च्या दशकात विन्चेन्झो दे मिकेले या इटालियन खनिजतज्ज्ञाने दाखवलं की ती लिबियन वाळवंटातली नैसर्गिक काच आहे, सुमारे २.९ कोटी वर्षांपूर्वी वाळू वितळून झालेली. आणि गेर्झेह इथल्या इ.स.पू. ३२०० च्या सुमाराच्या कबरीत सापडलेले लोखंडी मणी उल्केच्या लोखंडाचे निघाले.

पायरी ३: आकार ओळखा

शेकडो ताईत आहेत, सगळे पाठ करायची गरज नाही. आठ-दहा ओळखता आले तरी कपाट बोलायला लागतं. खाली रुंद आणि वर चार आडव्या पट्ट्या असलेला खांब म्हणजे जेद, मृतांचा देव ओसायरिस याचा कणा, अर्थ स्थैर्य. वर फासा असलेला क्रूस म्हणजे आंख, जीवन. आंखसारखाच, पण हात खाली पडलेले, तो तियेत, म्हणजे आयसिस देवीची गाठ. भुवई आणि खाली ओघळ असलेला डोळा म्हणजे वेजात. सेथ देवाने ससाणारूपी होरस देवाचा डोळा फोडला, थोथ देवाने तो बरा केला, म्हणून हा "सगळा शाबूत" असलेला डोळा. गाठ मारलेलं दोरीचं वर्तुळ म्हणजे शेन, सूर्य फिरतो तेवढं सगळं. आणि शेणाचा गोळा ढकलणारा भुंगा म्हणजे खेपेर, "होणं, उगवणं".

मृतांसाठीच्या मंत्रसंग्रहात काही ताइतांचं साहित्यच नेमून दिलं आहे. जेद सोन्याचा (मंत्र १५५), तियेत लाल जास्परचा (१५६), हृदयावरचा भुंगा हिरव्या दगडाचा (३०ब). त्या भुंग्याच्या पोटावरचा मजकूर मला फार माणसाळलेला वाटतो. मेल्यावर न्यायाच्या तराजूत हृदय ठेवतात, तेव्हा त्याने मालकाविरुद्ध साक्ष देऊ नये, एवढीच त्यात विनवणी असते. नियम आणि वस्तू मात्र नेहमी जुळत नाहीत. जास्पर परवडला नाही तर लाल काच, तीही नसेल तर फायन्स.

सगळे ताईत मृतांचे नव्हते. मुलांच्या आणि तरुणींच्या वेणीच्या टोकाला माशाचं पदक बांधत, पाण्यात बुडू नये म्हणून. वेस्टकार पपायरस या प्राचीन हस्तलिखितातल्या गोष्टीत स्नेफ्रू राजाची नाव वल्हवणाऱ्या एका मुलीचं पिरोजी मासोळीचं पदक तळ्यात पडतं. राजा दुसरं देऊ करतो. ती म्हणते, मला माझंच हवं. शेवटी राजाचा जादूगार तळ्याचं अर्धं पाणी उचलून दुसऱ्या अर्ध्यावर ठेवतो आणि खापरीवर पडलेलं पदक काढून देतो.

पायरी ४: शरीरावर कुठे होतं ते विचारा

गळा, छाती, उजवा हात, डावा हात. जागेला अर्थ असतो. तुतनखामुनच्या ममीवर आणि तिच्या पट्ट्यांच्या थरांत १४० हून अधिक वस्तू होत्या, आणि कार्टरच्या चमूने प्रत्येक थराची नोंद ठेवली म्हणून आज त्या जागा कळतात. हल्ली ममी उलगडावी लागत नाही. क्ष-किरणतज्ज्ञ सहर सलीम यांच्या चमूने १९१६ मध्ये सापडलेल्या, कैरोच्या संग्रहालयात पडून असलेल्या एका मुलाच्या ममीचं सीटी स्कॅन केलं. २०२३ मध्ये निष्कर्ष आले. २१ प्रकारांचे ४९ ताईत, तीन रांगांत मांडलेले. तोंडात सोन्याची जीभ, परलोकात बोलता यावं म्हणून. छातीच्या पोकळीत हृदयाचा सोनेरी भुंगा.

मुंबईकरांनी हा प्रकार पाहिलेला आहे. २०१२-१३ मध्ये छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात ब्रिटिश म्युझियममधली नेस्परेनूब या कर्नाकच्या पुजाऱ्याची ममी आली होती, आणि तिच्या पट्ट्यांखालचे ताईत स्कॅनमधून दाखवले होते. आज जवळ जायचं तर बडोद्याच्या संग्रहालयात ममी आहे, सयाजीराव गायकवाडांच्या काळात आणलेली. दागिन्यांचं मोठं भांडार पाहायचं तर मात्र गिझाच्या नव्या ग्रँड इजिप्शियन म्युझियमला पर्याय नाही. तुतनखामुनच्या कबरीतल्या पाच हजारांवर वस्तू तिथे आहेत.

पायरी ५: आता वाक्य लावा

सोपा सराव आधी. तुतनखामुनचं राज्याभिषेकाचं नाव नेबखेपेरुरे. नेब म्हणजे टोपली, खेपेर म्हणजे भुंगा, अनेकवचनाच्या तीन रेघा आणि रा म्हणजे सूर्याची तबकडी. त्याच्या दागिन्यांत खालून वर टोपली, तीन रेघा, भुंगा, तबकडी अशी रचना पुन्हा पुन्हा दिसेल. नक्षी म्हणून जे डोळ्यांखालून गेलं, ती राजाची सही होती.

आता अवघड धडा. इजिप्तमधल्या लाहुन इथे १९१४ मध्ये ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री यांच्या मोहिमेत गाय ब्रंटन यांना राजकन्या सितहाथोरयुनेत हिची पेटी सापडली. चोर शतकांपूर्वीच कबर लुटून गेले होते, पण पुराचा गाळ भरून घट्ट झालेला एक कोनाडा त्यांच्या नजरेतून सुटला. त्या गाळात निघालेलं एक पदक आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन म्युझियममध्ये आहे, क्रमांक १६.१.३. रुंदी ८.२ सेंटिमीटर, उंची साडेचार. तेवढ्यात दगडाचे ३७२ तुकडे: कार्नेलियन, लाजवर्द, पिरोजा, गार्नेट.

मधोमध पाहा. लांबट चौकट म्हणजे कार्तूश, राजाचं नाव. तिच्यात सूर्य, उगवतीची टेकडी आणि भुंगा. वाचा: खाखेपेररे, म्हणजे सेनुस्रेत दुसरा, या मुलीचा बाप. दोन्ही बाजूंना होरसचे ससाणे, नखांत शेनचं वर्तुळ: सूर्य फिरतो तेवढं सगळं. वर सूर्य आणि नाग, नागांपाशी आंख: जीवन. कार्तूशखाली गुडघे टेकलेला माणूस, हातांत खाचा पाडलेल्या खजुराच्या फांद्या. तो हेह, म्हणजे दहा लाख, आणि खाचा म्हणजे वर्षं. त्याच्या हातापाशी लोंबणारं बेडकाचं पिल्लू पाहिलंत? तो एक लाखाचा आकडा, म्हणजे दहा आणि एक मिळून अकरा लाख. आता सगळं एकत्र लावा: उगवता सूर्यदेव राजा खाखेपेररे याला सूर्य वेढतो तेवढ्या सगळ्यावर जीवन आणि सत्ता अकरा लाख वर्षं देवो.

म्हणजे मुलीच्या गळ्यात बापाचा आयुष्य-योग! इतका आकडेवार आशीर्वाद मी दुसरा पाहिलेला नाही.

वाचताना दिशा चुकू नका. माणसं आणि प्राणी ज्या बाजूला तोंड करून असतात, त्या बाजूकडून वाचायला सुरुवात. पदकात दोन्ही बाजू आरशासारख्या असतील तर मधून बाहेर.

पायरी ६: उलटा करा

संग्रहालयात तुम्हाला करता येत नाही, पण संकेतस्थळांवर मागच्या बाजूचे फोटो असतात. ते शोधाच. लाहुनच्या पदकाची पाठ नुसत्या सोन्याची आहे आणि पुढे दगडांत जे आहे ते सगळं मागे टाकणीने कोरलेलं आहे, पिसान् पीस. ही बाजू राजकन्येच्या अंगाला लागायची, दुसऱ्या कुणाला दिसायची नाही. आजोबांनी ते पदक पास केलं असतं.

पुढच्या बाजूला मीनाकारी समजून फसू नका. मीनाकारीत काचेची पूड खणात भरून भाजतात. इथे सोन्याच्या पट्ट्या पत्र्यावर उभ्या डाखून घरं केली आहेत आणि प्रत्येक घराच्या मापाने दगड घासून बसवला आहे. चुकलं तर दगड गेला.

मण्याचं भोक पाहा. दगड दोन्ही बाजूंनी छेदत, म्हणून भोक मध्ये अरुंद आणि तोंडाशी रुंद. कसं छेदत ते लक्सरला रेखमिरेच्या कबरीच्या भिंतीवर रंगवलेलं आहे. एक माणूस एकाच धनुकलीने एकावेळी तीन सामते (छेद पाडायची अवजारं) फिरवतोय. सोन्याची तार पाहा. जंत्रीतून, म्हणजे भोकांच्या पट्टीतून, ओढलेली तार तेव्हा नव्हती. पट्टी पिळून तार करत, म्हणून तिच्यावर पिळासारखा फिरत गेलेला सांधा दिसतो. सोन्यात पांढरट कठीण ठिपके दिसले तर तो हलकेपणा नव्हे. नदीच्या वाळूतून चाळलेल्या सोन्यात प्लॅटिनमच्या जातीचे कण राहतात आणि ते तेव्हाच्या भट्टीत वितळत नसत.

पायरी ७: दोऱ्यावर विश्वास ठेवू नका

मणी पाच हजार वर्षं टिकतात, दोरा टिकत नाही. कपाटातला जवळजवळ प्रत्येक हार पुन्हा गाठवलेला आहे. क्रम कुणी आणि कशावरून ठरवला, हे पाटीवर शोधा. क्रम नक्की माहीत असलेला जुना नमुना म्हणजे जेर राजाच्या अबिदोसच्या कबरीतली चार कंकणं. १९०१ मध्ये पेट्री यांच्या माणसांना भिंतीच्या भोकात कोंबलेला, कापडात गुंडाळलेला हात सापडला, त्यावर कंकणं जशीच्या तशी होती. त्यांतल्या एकात सोनं आणि पिरोजा आलटूनपालटून. नोंद झाली, वस्तू कैरोच्या संग्रहालयात गेली. तिथले अधिकारी एमिल ब्रुग्श यांनी कंकणं ठेवली आणि हात फेकून दिला.

खरेदी करायची असेल तर

जुनी वस्तू विकत घेऊ नका. इजिप्तच्या १९८३ च्या कायदा क्रमांक ११७ ने पुरावस्तूंचा व्यापार आणि निर्यात बंद केली आहे. देवळाच्या दाराशी कुणी कमीज वर करून "कबरीतला" भुंगा दाखवला तर तो नवा असेल. जुना असेल तर घेणारा अडकेल.

नव्या वस्तू खुशाल घ्या. कैरोच्या खान अल-खलिलीत कार्तूशमध्ये नाव घालून देतात. सोनं बहुधा १८ किंवा २१ कॅरेटचं असतं. आपल्या २२ च्या सवयीने भाव लावू नका. वजन आधी विचारा, मग घडणावळ. नाव कागदावर काढून घ्या आणि प्राण्यांची तोंडं एकाच दिशेला आहेत ना ते बघा. चित्रलिपीत "ळ" नाही, "ल"साठी वापरतात त्या सिंहाच्या चिन्हावर भागवावं लागेल. कार्तूश खरं तर राजघराण्याचा मान होता, दुकानदार तो सगळ्यांना वाटतो, आणि त्यात मला काही गैर दिसत नाही.

पिरोजा म्हणून रंगवलेला पांढरा हाउलाइट फार विकला जातो. दुकानदाराला विचारून नेलपॉलिश काढायच्या द्रवात भिजवलेला कापूस मागच्या बाजूला फिरवा. कापूस निळा झाला तर रंग आहे. लाजवर्दात पिवळे चमकदार कण असावेत, पण ते सारख्या अंतरावर शिंपडल्यासारखे दिसले तर सावध. फायन्सचा भुंगा घेतलात तर त्याचं पोट बघा. कोरीव मजकूर खोल आणि स्वच्छ हवा. सपाट, पुसट पोट म्हणजे दाब साच्याचा घाऊक माल. तोही स्वस्तात मिळत असेल तर घ्या, फक्त बिलावर "नवीन, हस्तकला" एवढं लिहून घ्या आणि ते बिल हातातल्या बॅगेत ठेवा.